चौदा नंबरचा रोल

“काका, चौदह नंबर रहने दो, बाईस से ले लो,” असे दुकानदार माझ्या वडिलांना, अण्णांना, हलक्या आवाजात म्हणाले आणि ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वुस्टरमध्ये आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, गॅस स्टेशनला लागून हे दुकान आहे. मेहसाण्याकडचे एक गृहस्थ ते चालवतात. आत शिरले की करपलेल्या कॉफीचा आणि यंत्रावर दिवसभर गरगरणाऱ्या सॉसेजचा मिश्र वास येतो, आणि गल्ल्याच्या मागे पारदर्शक डब्यांची एक अख्खी भिंत दिसते. प्रत्येक डब्यात स्क्रॅच तिकिटांचा, म्हणजे खरवडून लगेच निकाल पाहायच्या लॉटरीच्या तिकिटांचा, एक रोल असतो, त्याचे टोक बाहेर लोंबत असते आणि डब्यावर क्रमांक असतो. त्या उन्हाळ्यात अण्णा सांगलीहून आमच्याकडे राहायला आले होते आणि दूध आणायला माझ्याबरोबर रोज हौसेने येत. चौदा नंबरच्या तिकिटावरचे सोनेरी नाण्यांचे चित्र त्यांना आवडले होते. दुकानदारांच्या सांगण्यावरून त्यांनी बाविसातले तिकीट घेतले, गल्ल्याच्या कडेला उभे राहून नाण्याने एकेक चौकोन सावकाश खरवडला, रुपेरी भुसा तळहाताने एका बाजूला सारला आणि काहीही लागलेले नाही हे पाहून तिकीट नीट घडी करून खिशात ठेवले. त्यांना त्याचे काहीच वाटले नाही. मला मात्र चौदा नंबरच्या रोलमध्ये असे काय होते, हे कळल्याशिवाय चैन पडेना.

मी एका विमा कंपनीत हप्त्यांचे दर ठरवण्याच्या विभागात काम करते. कोणती गोष्ट किती वेळा घडेल याचा हिशेब मांडणे हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि त्यामुळेच लॉटरीकडे मी आजवर एका ठराविक तुच्छतेने पाहत आले होते. अण्णांचा दृष्टिकोन वेगळा. बँकेतली नोकरी संपेपर्यंत, आणि नंतरही, त्यांनी महाराष्ट्र राज्य लॉटरीचे तिकीट नेमाने घेतले. एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर दोरीला चिमट्यांनी अडकवलेल्या तिकिटांमधून ते शेवटचे आकडे पाहून निवड करीत, आणि निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रातल्या त्या बारीक टाइपाच्या रकान्यांवरून त्यांचे बोट खालून वर सरकत असे, कारण लहान बक्षिसे तळाशी असत आणि आशा तिथूनच सुरू करायची असा त्यांचा शिरस्ता होता. आईला हा खर्च मान्य नव्हता. “सरकारी आहे, मटका नव्हे,” एवढेच ते म्हणत. सरकारी म्हणजे १९६९ पासून चालत आलेली, शिक्का असलेली, निकाल छापून येणारी. त्या निवडीला गणिताच्या दृष्टीने काहीही अर्थ नव्हता, कारण सोडत व्हायची असते तोवर प्रत्येक तिकीट सारखेच असते. सातावर संपणारे तिकीट तीनावर संपणाऱ्यापेक्षा एका दाण्यानेही सरस नसते.

स्क्रॅच तिकिटाचे तसे नाही. त्याची सोडत आधीच होऊन गेलेली असते. छापखान्यातून बाहेर पडतानाच एखादे तिकीट कोरे असते, एखाद्यात पाच डॉलर असतात, एखाद्यात दहा लाख. रुपेरी थराखाली निकाल तयार असतो आणि आपण फक्त तो उघडतो. त्यामुळे कोणते तिकीट घ्यावे हा प्रश्न सांगलीच्या टपरीवर निरर्थक होता, तरी इथे तो निरर्थक नाही, हे लक्षात आल्यावर माझी तुच्छता जरा डळमळली.

योगायोग असा की हा प्रकार आमच्याच राज्यात सुरू झाला. जॉन कोझा नावाचे एक संगणकशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी डॅनियल बोवर हे दोघे आधी सुपरमार्केट आणि पेट्रोल पंपांच्या बक्षीस-योजनांसाठी कार्डे तयार करीत असत. १९७४ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या लॉटरीसाठी झटपट खरवडून निकाल पाहण्याचे तिकीट आणले, आणि आठवडाभर निकालाची वाट पाहणारा ग्राहक एका मिनिटात दुसरे तिकीट मागू लागला. अडचण नशिबाच्या वाटपाची होती. बक्षिसे खरोखरच वाऱ्यावर सोडली, तर एखाद्या दुकानाचा अख्खा गठ्ठा, म्हणजे रोल, कोरडा निघेल आणि दुसरीकडे बक्षिसांची रांग लागेल. दोन्ही गोष्टी राज्याला परवडणाऱ्या नाहीत. म्हणून संगणकाने ठरवून वाटप करायचे: कोणत्या रकमेची किती बक्षिसे हे नक्की, आणि पुष्कळ खेळांमध्ये प्रत्येक गठ्ठ्यात किमान काही लहान बक्षिसे असतीलच अशी तजवीज. वरवर बेहिशेबी दिसणारी ही वस्तू आतून अतिशय हिशेबी आहे.

चौदा नंबरचे कोडे इथेच सुटते. पुढच्या खेपेला मी दुकानदारांना विचारले तेव्हा त्यांनी दडवले काहीच नाही. त्या रोलमधून सकाळपासून बरीच लहान बक्षिसे निघून गेली होती, आणि बाविसाचा रोल अर्धा संपूनही त्यातून फारसे काही आले नव्हते. माझ्या विभागातला कोणीही हे ऐकून हसला असता, कारण आधीच्या निकालांवरून पुढचा निकाल ओळखणे हा जुगाऱ्याचा जुना भ्रम आहे. पण तो भ्रम फाशांना आणि नाण्यांना लागू पडतो. पत्त्यांच्या जोडातून तीन एक्के निघून गेले असतील तर चौथ्याची आशा कमी धरणे यात भ्रम कसला? गठ्ठ्यात बक्षिसांची संख्या मर्यादित असेल तर दुकानदारांचे निरीक्षण बिनचूक आहे. मात्र ते फक्त लहान बक्षिसांपुरते. मोठी बक्षिसे लाखो तिकिटांमध्ये कुठेही पेरलेली असतात आणि त्यांचा गठ्ठ्याशी काही संबंध नसतो. शिवाय हे ज्ञान दिवसभर गल्ल्यावर उभे राहणाऱ्यालाच मिळते. रांगेतल्या माणसाला ते मिळेल की नाही, हे गल्ल्यामागच्या माणसाच्या नीतिमत्तेवर अवलंबून. पूर्वी तिकिटांच्या थराखाली बक्षिसाची रक्कम सुचवणारी तीन अक्षरे छापलेली असत, दुकानदाराला पडताळणी सोपी जावी म्हणून. ती जागा टाचणीने किंचित खरवडून आधीच पाहण्याचे उद्योग झाले, आणि मग पडताळणी बारकोडवर गेली.

अण्णांना या साऱ्यात रस निर्माण झाला, पण त्यांचे लक्ष भलत्याच ठिकाणी होते. ते तिकिटाच्या मागची बाजू वाचत. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला बारीक टाइप आधी वाचण्याची सवय असते. “अगं, इथे लिहिलंय चारात एक. मग चार घेतली की एक लागणारच का?” असे त्यांनी एका रात्री जेवताना विचारले. नाही लागणार. चारात एक ही शक्यता असेल तर चार तिकिटांपैकी एकही न लागण्याचा प्रसंग शंभरात बत्तीस वेळा येतो, म्हणजे जवळजवळ तीनात एकदा. आणि त्या ‘लागण्या’मध्ये दहाच्या तिकिटाला दहाच मिळणेही धरलेले असते, हे त्यांना सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून तिकीट पुन्हा वाचले. आपलेच पैसे आपल्याला परत देऊन त्याला बक्षीस म्हणणे बँकेत चालले नसते, असे ते म्हणाले. चालले नसतेच. पण दुकानात मात्र ते दहा डॉलर क्वचितच रोखीने खिशात जातात. त्यांचे दुसरे तिकीट होते, आणि तिकिटामागे छापलेली शक्यता खरी ठरूनही माणूस रिकाम्या हाताने बाहेर पडतो.

मग आम्ही दोघांनी मिळून तक्ते पाहायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या राज्य लॉटऱ्या प्रत्येक खेळात कोणती बक्षिसे मुळात किती होती आणि आता किती उरली आहेत, हे प्रसिद्ध करतात. जाणकार खेळणारे याच आकड्यांवर भिस्त ठेवतात. त्यातली खुबी अशी की किती तिकिटे विकली गेली हे सहसा सांगितलेले नसते, पण ते ओळखता येते: लहान बक्षिसे लोक लगेच वटवतात, तेव्हा ती निम्मी संपली असतील तर तिकिटेही साधारण निम्मी संपली असे धरायला हरकत नाही. आता त्याच वेळी वरची बक्षिसे सगळी शिल्लक असतील, तर उरलेल्या तिकिटांची किंमत वाढलेली आहे. ती संपली असतील तर घटलेली आहे. इथे एक मेख आहे. मोठे बक्षीस वटवायला आमच्याकडे खेळ संपल्याचे जाहीर झाल्यापासून वर्षभराची मुदत असते, त्यामुळे तक्त्यात शिल्लक दिसणारे दहा लाख डॉलर एखाद्याच्या गाडीच्या कप्प्यात, विमा आणि पार्किंगच्या पावत्यांखाली, आधीच जाऊन पडलेले असू शकतात.

अण्णांनी मागितल्यावरून मी त्यांना एक काल्पनिक उदाहरण वहीत मांडून दिले. दहा डॉलरचा खेळ, एक कोटी तिकिटे, दहा लाख डॉलरची पाच बक्षिसे. समजा एकूण परतावा बहात्तर टक्के आहे, म्हणजे सरासरीने दहा डॉलरमागे ७.२० परत येतात. वरच्या पाच बक्षिसांचे मिळून पन्नास लाख होतात. ते एक कोटी तिकिटांवर वाटले तर या ७.२० मधला त्यांचा वाटा अवघा अर्धा डॉलर. निम्मी तिकिटे विकली गेली आणि पाचही बक्षिसे शिल्लक राहिली, तर तो वाटा एक डॉलर होतो आणि तिकिटाची खरी किंमत ७.७० होते. पाचही संपली असतील तर ६.७०. सगळे तक्ते पालथे घालून, उत्तमातला उत्तम खेळ निवडून, वाईटातल्या वाईटापेक्षा मिळवायचे ते एवढेच: दहा डॉलरमागे एक डॉलर. तोही अशा रूपात की तो पन्नास लाखांतल्या पाचच जणांच्या हाती पडणार आणि बाकीच्यांना कधी जाणवणार नाही. आणि ती सर्वोत्तम निवड करूनही २.३० गेलेच. अण्णांनी वहीतल्या २.३० खाली दोन रेघा ओढल्या, जशा ते ताळेबंदात ओढत असतील.

तरीही या तिकिटावर मात केलेली माणसे आहेत, आणि त्यांच्याविषयी वाचताना मला धंद्यातली असूया वाटली हे कबूल करायला हवे. टोरांटोचे मोहन श्रीवास्तव हे भूसांख्यिकीचे तज्ज्ञ. जमिनीखाली सोने कुठे आणि किती असेल याचा अंदाज मोजक्या नमुन्यांवरून बांधणे हे त्यांचे काम. २००३ मध्ये कोणीतरी गंमत म्हणून दिलेली दोन तिकिटे त्यांनी खरवडली, एकावर तीन डॉलर लागले, आणि ते वटवायला जाताना त्यांना प्रश्न पडला की हे आकडे छापणाऱ्या संगणकाने नेमके काय केले असेल. फुल्ली-गोळ्याच्या त्या खेळात काही आकडे थराखाली होते, पण चौकटींमधले आकडे उघडे छापलेले होते. ज्या उघड्या आकड्यांची तिकिटावर दुसरी आवृत्ती नाही असे तीन आकडे एका ओळीत आले, तर ते तिकीट शंभरातल्या नव्वद वेळा बक्षिसाचे निघते, हे त्यांनी शोधून काढले. लॉटरीवाले विश्वास ठेवीनात, तेव्हा त्यांनी न खरवडलेली वीस तिकिटे लागणारी आणि न लागणारी अशी वेगळी करून पाठवून दिली. एकोणीस बरोबर निघाली. तो खेळ दुकानांतून मागे घेण्यात आला. आणि हे सारे हाती असताना त्यांनी स्वतः ती विद्या वापरून पैसे का केले नाहीत? त्यांनी हिशेब केला होता: दुकाने पालथी घालत दिवसाला सुमारे सहाशे डॉलर सुटले असते, आणि सल्लागार म्हणून त्यांची कमाई त्याहून चांगली होती. काम आवडीचे होते, ते वेगळेच.

आमच्या राज्यात २०१२ पर्यंत एक सोडतीचा खेळ होता. त्यात मोठे बक्षीस वीस लाखांच्या वर जाऊनही कोणाला लागले नाही की ते लहान बक्षिसांमध्ये वाटले जाई, आणि त्या आठवड्यात तिकीट खरोखर फायद्याचे होई. मिशिगनमधले सेल्बी हे निवृत्त दांपत्य आणि एमआयटीतल्या विद्यार्थ्यांचा एक गट यांनी ते ओळखून वर्षानुवर्षे नफा कमावला. पण त्यासाठी एका वेळी लाखो डॉलरची तिकिटे घ्यावी लागत. ज्याच्याकडे लाखो डॉलर आहेत आणि जो आठवडाभर तिकिटे तपासत बसू शकतो, त्यालाच तो फायदा होता; दुधाबरोबर दोन तिकिटे घेणाऱ्याला तो खेळ आणि बाविसाचा रोल यांत काही फरक पडला नसता.

यातली मला सगळ्यात खटकणारी गोष्ट पुढे आहे. चांगला परतावा हवा असेल तर महाग तिकीट घ्या, असे प्रत्येक जाणकार सांगतो, आणि ते खरेच आहे: एक डॉलरच्या तिकिटापेक्षा वीसच्या, तीसच्या, पन्नासच्या तिकिटात परताव्याचे प्रमाण अधिक असते. आमचे राज्य या बाबतीत देशात उदार मानले जाते; खर्चलेल्या शंभर डॉलरमधले सत्तरहून अधिक बक्षिसांत परत जातात, तर पॉवरबॉलसारख्या सोडतीत सुमारे निम्मेच. २०२३ मध्ये आमच्याकडे पन्नास डॉलरचे तिकीट आले. पण प्रमाण आणि पैसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक डॉलरच्या तिकिटाचा परतावा साठ टक्के धरला तर एका खरवडण्यात चाळीस सेंट जातात. पन्नासच्या तिकिटाचा ऐंशी टक्के धरला तरी दहा डॉलर जातात. खरवडायला वेळ तेवढाच लागतो, रुपेरी भुसा तेवढाच पडतो. अधिक चांगले तिकीट निवडणारा माणूस मिनिटाला पंचवीसपट वेगाने पैसे घालवत असतो, आणि आपण शहाणपणाने खेळतो आहोत या समजुतीने पुढचे तिकीट मागतो.

वरची बक्षिसे संपलेला खेळ विकत राहण्याबद्दल व्हर्जिनियातल्या एका प्राध्यापकांनी २००८ मध्ये राज्य लॉटरीविरुद्ध दावा लावला होता. मोठी अक्षरे ज्या रकमेच्या जोरावर तिकीट विकतात, ती रकमच उरलेली नसेल तर ती विक्री कसली, असा त्यांचा सवाल होता, आणि तो मला बिनतोड वाटतो. तक्ता उपलब्ध आहे, ज्याने त्याने पाहावा, हे उत्तर माझ्या धंद्यात आम्हीही देतो. पॉलिसीच्या मागे सगळे छापलेले असते. सकाळी सहा वाजता रात्रपाळी उतरवून, बुटांना बर्फावर टाकलेले मीठ आणि चिखल लागलेला असताना रांगेत उभा राहणारा माणूस तक्ता पाहत नाही. त्याच्याजवळ त्याचे स्वतःचे गणित असते: ठरलेला खेळ, ठरलेले नाणे, ठरलेला कोपरा. आमच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ कित्येक महिने एकच खेळ घेत. त्यातली मोठी बक्षिसे संपली आहेत हे मला तक्त्यावरून माहीत होते. अण्णांनी मला विचारले, “तू त्यांना सांगत का नाहीस?” मी दुकानदारांना विचारले. ते म्हणाले, “त्यांना ठाऊक आहे. मीच सांगितले होते.” त्या तिकिटावर शब्दकोडे होते, ते सोडवायला अर्धा तास लागत असे, आणि त्यांना कोडे हवे होते.

त्या गृहस्थांच्या तिकिटातला काही भाग माझ्याकडे येतो, हेही इथे लिहून ठेवायला हवे. आमच्या लॉटरीचा नफा राज्यातल्या ३५१ शहरा-गावांना वाटला जातो. आमच्या रस्त्यावरचा बर्फ पहाटे उचलला जातो, मुलांच्या ग्रंथालयात नवी पुस्तके येतात, त्यात त्या रुपेरी भुशाचा वाटा आहे, आणि मी स्वतः तिकीट घेत नाही. बिनखर्चाने, बिनजोखमीने लॉटरी लागलेली व्यक्ती या साऱ्यात कोण असेल तर ती मी आहे, असे मी अण्णांना म्हटले तेव्हा ते नुसतेच हसले.

माझ्या या अभ्यासाचा बोभाटा कार्यालयात झाला आहे. नाताळच्या सुमारास विभागात वर्गणी काढून सर्वांना स्क्रॅच तिकिटे भेट देण्याची प्रथा आहे, आणि आता कोणती घ्यावीत हे मला विचारतात. नुकताच बाजारात आलेला, वरची सगळी बक्षिसे शाबूत असलेला दहाचा खेळ घ्या, असे मी रीतसर तक्ता काढून सुचवले होते. बैठकीत मतदान झाले आणि एकेक डॉलरची तिकिटे घ्यायचे ठरले, कारण मग प्रत्येकाला मूठभर तिकिटे खरवडायला मिळतात. दरांचे गणित करणाऱ्या माणसांनी परताव्याचे सर्वांत वाईट प्रमाण डोळसपणे निवडले. मी विरोध केला नाही. अण्णांना फोनवर सांगितले, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो तिकिटांवर चित्र कसले आहे हा, आणि दुसरा, एखादे न खरवडता राहिलेले तिकीट टपालाने पाठवता येईल का, हा.